जुन्या यंत्रांना पुन्हा जाणीव : हौशी कार्यप्रणालीतील स्पर्शपटल आणि संवेदक

ग्रामपंचायतीचे कार्यालय असो, प्राथमिक शाळा असो वा आरोग्य उपकेंद्र असो, हातात मावणारे संगणक-यंत्र आज सर्वत्र पोहोचले आहे. मोबाइल फोन आणि टॅबलेट ही आता शहरी चैनीची वस्तू राहिलेली नाही. परंतु या यंत्रांचे आयुष्य मात्र अल्प ठरत आहे. चार-पाच वर्षांत कंपनीकडून येणाऱ्या सुधारणा थांबतात, नवी आज्ञावली त्यावर चालेनाशी होते आणि काच, विद्युतघट, मंडलपट्टी ही सारी धडधाकट असतानाही यंत्र कपाटात जाऊन पडते. जनतेच्या पैशातून घेतलेल्या वस्तूची ही गत प्रत्येक विचारी नागरिकास खटकणारी आहे.

अशा यंत्रांना पुन्हा कामास लावण्याचा उद्योग जगभरातील काही हौशी संगणक-कारागीर करीत आहेत. ते आपल्या फावल्या वेळात, वेतनाची अपेक्षा न धरता, या यंत्रांसाठी नवी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, सिद्ध करतात. या कामात सर्वांत चिवट अडचण येते ती स्पर्शपटलाची, म्हणजे टचस्क्रीनची, आणि संवेदकांची, म्हणजे सेन्सरांची. ती का येते, ती कशी सोडविली जाते आणि त्यातून शाळांनी व कार्यालयांनी कोणता बोध घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हौस म्हणजे पोरखेळ नव्हे

कार्यप्रणाली ही यंत्र आणि माणूस यांच्यामधील कारभारी होय. कोणत्या आज्ञावलीला किती स्मृती द्यावयाची, पडद्यावर काय दाखवावयाचे, बोट कोठे टेकले हे कोणाला कळवावयाचे, हे सारे तीच ठरविते. अशी प्रणाली केवळ मोठ्या कंपन्याच निर्माण करू शकतात, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने हौसेखातर एक प्रणाली लिहावयास घेतली आणि तिचा मूळ संहिता-पाठ सर्वांसाठी खुला केला. तीच आजची लिनक्स. अँड्रॉइड फोनांच्या अंतर्यामी असलेला गाभा हा लिनक्सचाच आहे. म्हणजे आपल्या खिशातील फोनची मुळे एका विद्यार्थ्याच्या हौसेत आहेत.

तरीही मूळ लिनक्स उचलून कोणत्याही अँड्रॉइड फोनमध्ये घातली की काम झाले, असे होत नाही. प्रत्येक फोनचा निर्माता गाभ्याची एक प्रत घेऊन तीत आपल्या यंत्रापुरते फेरफार करतो. ती प्रत त्या वर्षीच्या अवस्थेतच गोठून राहते. मूळ गाभा पुढे जातो. फोन मात्र मागे राहतो. हौशी कारागिराला नवा गाभा आणि जुने यंत्र यांची पुन्हा ओळख करून द्यावी लागते.

स्पर्श ते संख्या

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा एक शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात आणि रोज वाहावयाच्या ५० माळा यांचा त्यात उल्लेख असून, या संख्यांमधील शून्य आजच्याप्रमाणेच स्थानमूल्यासाठी कोरलेले आहे. जमिनीचे मोजमाप संख्येत नोंदले गेले आणि त्या संख्येची लिपी वाचणारे उरले, म्हणूनच अकराशे वर्षांनंतरही त्या बागेची लांबी आपणास सांगता येते. स्पर्शपटलाचे कार्यही मूलतः हेच आहे. बोट जेथे टेकले त्या जागेचे रूपांतर दोन संख्यांत करावयाचे : डावीकडून किती आणि वरून किती.

स्पर्शपटलांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात दोन पारदर्शक, विद्युतवाहक थर एकमेकांपासून किंचित अंतरावर असतात. दाब दिला की ते त्या बिंदूपाशी एकमेकांस टेकतात आणि विद्युतदाबाच्या मापावरून जागा कळते. यास रोधक पटल म्हणतात. हे पटल नख, काडी वा हातमोजा यांनीही चालते. मात्र ते दाबावे लागते.

दुसरा प्रकार धारक पटलाचा. यात काचेखाली न दिसणाऱ्या विद्युतवाहक रेषांची जाळी असते. मानवी बोट विद्युतवाहक असल्यामुळे ते जवळ येताच त्या ठिकाणची विद्युतधारिता बदलते आणि तो बदल एक छोटी चिप मोजते. आजचे बहुतेक सर्व फोन याच प्रकारचे आहेत. म्हणूनच प्लॅस्टिकच्या टोपणाने ते चालत नाहीत. परंतु हातात धरलेल्या काकडीच्या टोकाने बहुधा चालतात. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. त्यामुळे विद्युतवाहक व विद्युतरोधक यांतील भेद मुलांच्या चटकन ध्यानी येईल.

चिपने मोजलेली संख्या पडद्यावरील जागेशी जुळवावी लागते. समजा, पडदा आडवा ८०० बिंदूंचा आहे. परंतु चिप डाव्या कडेला २०० आणि उजव्या कडेला ३९०० ही संख्या देते. बोट टेकल्यावर चिपने २०५० ही संख्या दिली, तर २०५० मधून २०० वजा केले असता १८५० उरतात. दोन कडांमधील अंतर ३७०० आहे. १८५० हे त्याचे निम्मे; म्हणून बोट पडद्यावरील ४०० व्या बिंदूवर, म्हणजे बरोबर मध्यावर आहे. त्रैराशिकाचाच हा हिशेब आहे. परंतु कडांच्या या दोन संख्या ठाऊक नसल्या, अथवा आडवे-उभे अक्ष उलटे धरले गेले, तर वर बोट ठेवावे आणि खालची कळ दाबली जावी, असा प्रकार घडतो. हौशी कारागिरांना प्रथमदर्शनी आढळणारा दोष बहुधा हाच असतो.

एकाच वेळी दोन बोटे टेकली तर आणखी एक प्रश्न उपस्थित होतो : पुढच्या क्षणी आलेली जागा पहिल्या बोटाची की दुसऱ्या बोटाची? यासाठी प्रत्येक स्पर्शाला स्वतंत्र ओळख-क्रमांक देऊन बोट उचलेपर्यंत तो कायम ठेवतात. लिनक्सच्या गाभ्यात अनेक बोटांच्या स्पर्शाची समान भाषा २००९ साली दाखल झाली. हेन्रिक रिडबर्ग यांनी ती रचली. तीमुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या चिपा वरच्या आज्ञावलींशी एकाच भाषेत बोलू लागल्या.

यंत्राचा खसरा

येथे एक शंका येईल. संगणकाला माउस जोडला की तो आपोआप ओळखला जातो. मग फोनचे स्पर्शपटल का ओळखले जात नाही? कारण असे की, माउस जोडला जाताच स्वतःचे नाव-गाव सांगतो. फोनमधील स्पर्शपटलाची किंवा संवेदकाची चिप मात्र सामान्यतः दोन तारांच्या एका साध्या वाहिनीवर बसविलेली असते. या वाहिनीवर कोण कोणत्या क्रमांकावर बसले आहे, हे विचारून निश्चित कळण्याची सोय नाही. ते आधीच ठाऊक असावे लागते.

आपल्या भागात पटवाऱ्याकडे जसा खसरा आणि नकाशा असतो, तशीच नोंद येथे लागते. कोणत्या वाहिनीवर, कोणत्या पत्त्यावर, कोणती चिप आहे. तिला वीज कोठून मिळते. स्पर्श झाल्याचा इशारा ती कोणत्या तारेवरून देते. तिला जागे करण्याची तार कोणती. हे सारे एका वर्णन-पत्रात लिहिलेले असते. नवा गाभा सुरू होताना हे पत्र वाचतो आणि त्याप्रमाणे प्रत्येक चिपसाठी योग्य ती चालक-आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, नेमतो. खसरा हरवला तर जमीन कोठे जात नाही. परंतु ती कोणाची आणि कोठवर, हे सांगता येत नाही. कपाटात पडलेल्या टॅबलेटच्या स्पर्शपटलाचे असेच होते. काच जिवंत असते. नोंद नाहीशी झालेली असते.

ही नोंद कारागीर पुन्हा तयार करतात. लिनक्सच्या परवान्यानुसार, गाभ्याची प्रत असलेले यंत्र जो विकतो त्याने त्या प्रतीचा मूळ संहिता-पाठ मागणाऱ्या ग्राहकास दिला पाहिजे. तो मिळाला तर त्यातून चिपचे नाव व पत्ता सापडतो. तो न मिळाल्यास यंत्र उघडून चिपवरील अक्षरे वाचावी लागतात आणि एकेक तार तपासावी लागते. या कामात महिने जातात.

संवेदकांची दुनिया

स्पर्शपटलाने यंत्राला बोट कळते. संवेदकांनी त्याला भोवताल कळतो. त्वरणमापक हा त्यांतील प्रमुख. सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले एक कणभर वजन त्यात असते. ते किती सरकले, यावरून तीन दिशांतील त्वरण मोजले जाते. फोन टेबलावर निश्चल ठेवला असता उभ्या दिशेचा आकडा गुरुत्वत्वरणाइतका येतो. ग्वाल्हेरच्या अक्षांशावर ते दर सेकंदास दर सेकंदी सुमारे ९.७९ मीटर आहे. फोन ३० अंशांनी तिरका केला तर तिरकेपणाच्या दिशेत त्याचा निम्मा, म्हणजे सुमारे ४.९ हा आकडा दिसतो. फोन आडवा धरताच चित्रही आडवे होते, ते याच मापामुळे.

ही चिप ९.७९ असा आकडा मात्र देत नाही. ती, उदाहरणार्थ, १०२३ अशी कच्ची संख्या देते, तिला ०.००९५७ या गुणकाने गुणिले असता खरे माप मिळते. गुणक चुकला तर माप चुकते. शिवाय मंडलपट्टीवर चिप सरळ बसविली आहे की काटकोनात फिरवून, हे निर्मात्याने आपल्या सोयीने ठरविलेले असते. ती दिशाही वर्णन-पत्रात नोंदवावी लागते. अन्यथा फोन उभा धरला असता चित्र आडवे होते.

प्रकाश-संवेदक उजेड मोजून पडद्याची प्रखरता बदलतो. सान्निध्य-संवेदक न दिसणारे अवरक्त किरण सोडतो व परतलेले किरण मोजतो; त्यामुळे बोलताना फोन कानाशी नेताच पडदा मिटतो आणि गालाचा स्पर्श कळ दाबीत नाही. चुंबकीय संवेदक पृथ्वीचे क्षेत्र मोजून दिशा दाखवितो. हे क्षेत्र आपल्या भागात पन्नास मायक्रोटेस्लाच्या आतबाहेर, म्हणजे इतके क्षीण आहे की फोनच्या ध्वनिक्षेपकातील चुंबकही त्यात ढवळाढवळ करतो. म्हणून फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे फिरवून त्याची दुरुस्ती करतात.

या सर्व संवेदकांसाठी लिनक्सच्या गाभ्यात एक सामाईक विभाग आहे. जोनाथन कॅमेरॉन यांनी आरंभिलेला हा विभाग २००९ पासून वाढत गेला. त्यात संवेदकाचे प्रत्येक माप एका साध्या धारिकेत वाचावयास मिळते. तथापि काही फोनांमध्ये संवेदक मुख्य प्रक्रियकाला जोडलेलेच नसतात. ते एका वेगळ्या लहान प्रक्रियकाच्या ताब्यात असतात आणि त्याची आज्ञावली बंदिस्त असते. अशा यंत्रांत स्पर्शपटल चालू झाले तरी पडदा आपोआप फिरत नाही, अशी स्थिती दीर्घकाळ राहते.

पवईचा धडा

हा विषय आपल्या अनुभवापासून दूरचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. अल्पमोलाचा टॅबलेट विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, या हेतूने केंद्र शासनाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ हा टॅबलेट सादर केला. त्याचा पडदा सात इंची आणि रोधक प्रकारचा होता. प्रक्रियक ३६६ मेगाहर्ट्झचा व स्मृती २५६ मेगाबाइट होती. पडदा जोराने दाबावा लागतो, यंत्र मंद चालते, अशा तक्रारी झाल्या. त्यानंतर योजनेची तांत्रिक जबाबदारी मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते ‘आकाश-२’ सादर झाला. त्यास धारक पडदा, एक गिगाहर्ट्झचा प्रक्रियक आणि ५१२ मेगाबाइट स्मृती होती.

पवई येथे या कार्याची धुरा प्रा. दीपक फाटक यांनी वाहिली. प्रा. फाटक हे इंदूरच्या श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रज्ञान व विज्ञान संस्थेचे माजी विद्यार्थी. २०१३ साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले. मध्य प्रदेशातील मराठी वाचकांस याचे विशेष समाधान वाटेल. संस्थेतील चमूने आकाशवर सी, पायथन, सायलॅब यांसारखी अध्ययनाची साधने चालविली. इतकेच नव्हे, तर अँड्रॉइडऐवजी संपूर्ण लिनक्स त्यावर चालेल अशी व्यवस्था केली. ही प्रणाली छोट्या स्मृति-पत्रावरून, म्हणजे एसडी कार्डावरून, सुरू होत असे. त्यामुळे यंत्रातील मूळ प्रणालीला धक्का लागत नसे. कार्ड काढले की टॅबलेट पूर्ववत होई. याची संहिताही सर्वांसाठी खुली ठेवण्यात आली.

आकाश-२ मधील प्रक्रियक ऑलविनर कंपनीचा होता. याच प्रक्रियकांसाठी देशोदेशींच्या हौशी कारागिरांचा एक समूह स्वतंत्रपणे चालक-आज्ञावली आणि वर्णन-पत्रे लिहीत होता. कंपनीने त्या प्रक्रियकाला मागे टाकले तरी या समूहाचे काम लिनक्सच्या मूळ गाभ्यात जाऊन बसले. आकाश योजना आज अस्तित्वात नाही. परंतु त्या जातीच्या प्रक्रियकाची ओळख नव्या गाभ्यात आजही शिल्लक आहे. मंजूर निधी खर्च होऊन संपला, यंत्रे झिजली, पण खुलेपणाने नोंदलेले ज्ञान टिकले. पवईचा हा धडा आहे.

याच वाटेने २०१७ साली ‘पोस्टमार्केट ओएस’ हा उपक्रम सुरू झाला. फोनला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे, हे त्याचे उद्दिष्ट. प्रत्येक यंत्रासाठी स्पर्शपटल चालते का, त्वरणमापक चालतो का, दूरध्वनी होतो का, याचा तक्ता ते प्रसिद्ध करतात. काय चालत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलेले असते. ही प्रांजळपणाची पद्धत अनुकरणीय आहे.

मर्यादा आणि दक्षता

या मार्गाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अनेक फोनांतील प्रारंभीची आज्ञावली कुलूपबंद असते. तेथे दुसरी प्रणाली घालताच येत नाही. जेथे येते, तेथेही कॅमेरा, दूरध्वनी किंवा बँकेची अॅपे चालतीलच असे नाही. प्रणाली बदलताना यंत्रातील माहिती बहुधा पुसली जाते. म्हणून ज्या यंत्रावर रोजचे कामकाज अवलंबून आहे, त्यावर हा प्रयोग करू नये. शासकीय यंत्रावर तर सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून मुळीच करू नये. विद्युतघट फुगलेला असल्यास यंत्र भारित करू नये. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचे तपमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि अशा उष्म्यात सदोष घट पेट घेऊ शकतो. जे यंत्र खरोखरच निकामी झाले आहे, ते १ एप्रिल २०२३ पासून अमलात असलेल्या इलेक्ट्रॉनिक कचरा नियमांना अनुसरून नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच सोपवावे. भंगारवाल्यास देऊ नये.

काय करता येईल

कार्यालयप्रमुखांनी कपाटातील यंत्रांची यादी करावी. प्रत्येकापुढे कंपनी, नमुना-क्रमांक, खरेदीचे वर्ष, काच कशी आहे, घट कसा आहे, एवढे पाच रकाने पुरेत. नमुना-क्रमांक कळला की त्या यंत्रासाठी खुली प्रणाली उपलब्ध आहे किंवा नाही, हे पाहता येते. केवळ वाचन, अंकगणिताचा सराव वा हवामानाच्या नोंदी यांसाठी दूरध्वनी किंवा कॅमेरा लागत नाही. पडदा आणि स्पर्श चालला की पुरे.

नव्या खरेदीच्या वेळी किंमत आणि हमीकाल यांबरोबर तीन प्रश्न लेखी विचारावेत. सुधारणा किती वर्षे मिळतील? प्रारंभीचे कुलूप मालकास उघडता येईल काय? गाभ्याचा संहिता-पाठ आणि चिपांचे वर्णन मिळेल काय? केंद्र शासनाने मार्च २०१५ मध्ये मुक्त-स्रोत आज्ञावलींना प्राधान्य देणारे धोरण जाहीर केलेले आहे. या प्रश्नांना त्याचा आधार आहे.

शिक्षकांनी जुन्या फोनचा प्रयोगशाळेसारखा उपयोग करावा. त्वरणमापकावर गुरुत्वाचा, प्रकाश-संवेदकावर अंतर आणि उजेड यांच्या संबंधाचा, चुंबकीय संवेदकावर दिशांचा पाठ घेता येतो. ग्वाल्हेर नगरीत १९५७ पासून माधव तंत्रज्ञान व विज्ञान संस्था आणि १९९७ पासून भारतीय माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था कार्यरत आहे. अशा संस्थांतील विद्यार्थ्यांना एखाद्या शाळेच्या पाच जुन्या टॅबलेटांची चालक-आज्ञावली लिहिण्याचे काम दिले, तर त्यांचे शिक्षण होईल आणि शाळेचेही काम होईल.

किल्ल्यावरील शिलालेख कोरणाऱ्याने बागेचे माप सर्वांना वाचता येईल अशा अंकांत लिहिले. आज आपण जी यंत्रे खरेदी करतो, त्यांचे माप आणि वर्णनही सर्वांना वाचता येईल असे असावे, एवढा आग्रह प्रत्येक शाळेने आणि कार्यालयाने धरावा. ज्या यंत्राची नोंद खुली आहे, ते दुरुस्त करणारा हात आज ना उद्या पुढे येतोच. वाचकांनी या आठवड्यातच आपल्या कार्यालयातील ते कपाट उघडून पाहावे, ही विनंती.